आडवा अरोकेरिया

काकूंचा फोन आला, "अरे, तुझं झाड झोपलंय." मला वाटलं वाऱ्याने कललं असेल, म्हणून काठी नि सुतळी घेऊन गेलो. बघतो तर काय, अरोकेरिया (लोक ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात ना, तेच) एकदम हिरवागार, मुळं घट्ट, आणि जमिनीपासून हातभर वर जाऊन तिथून पूर्ण आडवा, सरळ फरशीच्या पायवाटेकडे निघालेला!

काकूंनी बिचाऱ्यांनी त्याला वर्षभर बांबूला बांधून ठेवलेलं. मी गाठ सोडली. बांधलेला भाग जून होऊन तसाच ताठ राहिला, पण गाठीच्या वर जेवढं नवीन वाढलं होतं ते सगळं आडवंच. शिवाय या झाडाची खरी मजा काय असते, तर मजल्यामजल्याने फांद्या, एकेका मजल्याला पाचेक, चारी बाजूंनी. इथे मात्र डहाळ्या फक्त डावी-उजवीकडे, पंख्यासारख्या चपट्या. तेव्हा माझी ट्यूब पेटली आणि कान गरम झाले.

तीन वर्षांपूर्वी कटिंग मीच लावून दिलेलं. शेंडा कापला असता तर मोठ्या झाडाचा घाटच गेला असता, म्हणून शहाणपणा करून बाजूची फांदी घेतली, ती लागली सुद्धा, आणि मी आठवडाभर हवेत. पण अरोकेरियाची बाजूची फांदी मुळं फुटून स्वतंत्र झाली तरी फांदीच राहते, ती खोड होत नाही. सरळ झाड हवं तर बी लावा, नाहीतर वर जाणाऱ्या शेंड्याचं कटिंग घ्या. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकने 1774 साली पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावर हीच झाडं पाहिली तेव्हा त्याला ती जहाजाच्या डोलकाठीसाठी योग्य वाटली होती, इतकी सरळसोट, तिकडे 50 मीटरच्याही वर जातात, आणि मी त्यातून सरपटणारं काढून दाखवलं.

काकूंना सगळं कबूल केलं, म्हटलं हे काढतो, बियांपासून केलेलं रोप आणून देतो. त्या म्हणाल्या, "दुसरं लाव खुशाल, पण याला हात लावायचा नाही, येणारा प्रत्येक जण थांबून विचारतो याच्याबद्दल."

मग काय, नवीन रोप भिंतीपासून चांगलं लांब लावलं, शेंडा तोडू नका म्हणून तीनदा बजावलं. आणि पायवाटेच्या दोन फरश्या उचलून आडव्या महाशयांना वाट करून दिली.