आप्पा आणि ओक्लाहोमाच्या लहान खुर्च्या

मंडळी, आप्पा अमळनेरहून आले होते तेव्हा त्यांना कुठं कुठं फिरवलं ते लिहीन म्हटलं होतं, पण बाकीचं राहू द्या, ओक्लाहोमा सिटीचंच सांगतो. डॅलसहून तीन-साडेतीन तासांचा ड्राइव्ह, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा (आप्पांना बर्गर चालत नाही, विषय संपला).

१९ एप्रिल १९९५ ला सकाळी ९:०२ ला इथल्या सरकारी बिल्डिंगसमोर ट्रक उडवला, १६८ माणसं गेली, आणि करणारा कुणी बाहेरच्या देशातला नव्हता, अमेरिकेतलाच, इथल्या आर्मीत राहून आलेला. पुढे गेलेल्यांच्या घरचे, वाचलेले, बचावकार्यातले, गावातले असे ३५० जण कमिटीत बसले आणि इथं स्मारक कसं करायचं ते त्यांनी ठरवलं.

आधी म्युझियम. तिथं एका खोलीत बसवतात, दार लावतात आणि त्या सकाळच्या मीटिंगची खरी टेप लावतात. समोरच्या ऑफिसात ९ वाजता सुरू झालेली, जमिनीखालच्या पाण्याच्या परवानगीची मीटिंग. मी कानात सांगितलं तसे आप्पा सावरून बसले, बोअरचा विषय म्हणजे घरचाच ना, बाई आपली शांतपणे नियम वाचतेय, आणि दोन मिनिटांत धडाम. आप्पांनी माझं मनगट धरलं ते बाहेर येईपर्यंत सोडलं नाही.

बाहेर हिरवळीवर १६८ रिकाम्या खुर्च्या, नऊ मजले म्हणून नऊ ओळी, ज्याची त्याची खुर्ची त्याच्या मजल्याच्या ओळीत. त्यात १९ लहान. दुसऱ्या मजल्यावर पाळणाघर होतं. आप्पा कडेकडेनं चालत त्या लहान खुर्च्या मोजत होते, अठराच भरल्या म्हणून परत पहिल्यापासून. तिथं एक जुनं एल्मचं झाड आहे, स्फोटात होरपळलं, पुराव्यासाठी तोडणार होते, तरी फुटलं. आता दरवर्षी त्याची रोपं वाटतात. आपल्या बांधावरच्या निंबासारखं डेरेदार, आप्पा खोडाकडे बघत बराच वेळ उभे.

परत येताना गाडीत विचारलं, ट्रकात काय भरेल व्हतं? मी म्हटलं, खत, नायट्रेटवालं.

"खत? आपलं शेतनं खत?"

मग डॅलसपर्यंत एक शब्द नाही. आता ते घरी आहेत, परवा फोन केला तर कपाशीसाठी गोण्या आणून ओट्यावर लावत होते, म्हणे सोळा आणल्या, आणि मग म्हणे थांब, परत मोजतो.