पडद्याला विंग नसते

एम.ए.च्या तिसऱ्या सेमिस्टरला मी ‘फिल्म एस्थेटिक्स अँड थिअरी’ हा पेपर घेतला, तेव्हा घरी सगळ्यांची समजूत एकच: ही आता सहा महिने सिनेमे बघणार. खरं सांगायचं तर माझीही तीच होती. पहिल्याच आठवड्यात झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा हातात पडला. संध्याकाळी पणजीहून साखळीच्या बसमध्ये खिडकीशी बसून पहिला निबंध उघडला. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत तीन पानं झाली होती आणि कोणी विचारलं असतं तर मला त्यातलं एक वाक्य धड सांगता आलं नसतं.

मी मराठी माध्यमातली, बी.ए.सुद्धा मराठी घेऊनच केलेलं. ‘डायजेसिस’, ‘इंडेक्सिकल’ हे शब्द डिक्शनरीत सापडतात, पण सापडून उपयोग होत नाही. सिनेमातल्या पुरुषी नजरेवरचा लॉरा मल्व्हीचा 1975 चा निबंध जेमतेम तेरा पानांचा. मला आठ दिवस लागले, कारण बाई फ्रॉइड आणि लाकाँ हे मनोविश्लेषणवाले आपल्याला माहीत आहेत असं धरूनच सुरुवात करते, आणि माझी त्या दोघांशी फक्त नावापुरती ओळख. शेवटी एका सीनियरने सांगितलं, आधी बोर्डवेल-थॉम्पसनचं ‘फिल्म आर्ट’ हे प्राथमिक पाठ्यपुस्तक वाच, मग गठ्ठ्याला हात लाव. हाच सल्ला मी पुढे तिघींना फुकट दिलाय.

वर्गातल्या प्रोजेक्टरची गोष्टही सांगायलाच हवी. जुन्या बोलपटांची चौकट साधारण 1.37 ला 1, म्हणजे चौकोनाच्या जवळ जाणारी. आमचा प्रोजेक्टर ती सरळ 16 बाय 9 मध्ये ताणायचा. म्हणजे पडद्यावरचं प्रत्येक माणूस जवळजवळ 30 टक्के रुंद. सहा आठवडे आम्ही त्या ताणलेल्या चित्रांवर ‘कंपोझिशन’ची गंभीर चर्चा केली. एका मुलाने तर नायिकेच्या ‘जमिनीशी घट्ट जोडलेल्या देहा’वर दोन पानं लिहिली आणि चांगले गुण मिळवले. मला शंका आली ती बैलगाडीच्या चाकामुळे. चाक अंड्यासारखं दिसत होतं. रिमोटवरची दोन-तीन बटणं दाबून बघितली, तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि नायिका एका क्षणात बारीक झाली. त्या दोन पानांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

थिअरीचं कुलूप उघडलं ते मात्र बाबांमुळे.

बाबा आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाचे प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की आतून वाक्य पुरवणारे. पंचवीसेक वर्षं डाव्या विंगेत, स्टुलावर, मांडीवर वही, हातात बॅटरी. एकदा कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत गावचं नाटक उतरलं, तिथेही ते विंगेतच. गावचं एकही नाटक त्यांनी समोरून पाहिलेलं नाही. लहानपणी मी त्यांच्या पायाशी बसायचे. दुर्योधन गर्जना करून आत यायचा, आधी मिशी सुटली का ते चाचपायचा आणि मग चहा मागायचा. माझ्या दृष्टीने नाटक म्हणजे हेच होतं.

गठ्ठ्यात आंद्रे बाझाँ या फ्रेंच सिनेसमीक्षकाचा 1951 चा नाटक आणि सिनेमावरचा निबंध होता. त्यात तो म्हणतो, नट रंगमंचावरून बाहेर पडला की तो मेकअपच्या खोलीकडे जातो, आणि हे आपल्याला ठाऊक असतं. सिनेमातलं पात्र चौकटीबाहेर गेलं तरी ते त्याच्याच जगात कुठेतरी वावरत असतं, आपल्याला दिसत नाही एवढंच. पडद्याला विंग नसते. हे वाचलं आणि मी बसमध्ये मोठ्याने हसले. शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली. दुर्योधनाचा चहा बाझाँला कळला होता!

पुढचं मग भराभर उलगडलं. बाझाँच्या मते रंगवलेल्या चित्राची चौकट नजर आत खेचते आणि सिनेमाच्या पडद्याची कड नजर बाहेर ढकलते. नोएल बर्च या सिनेमाच्या अभ्यासकाने 1969 च्या पुस्तकात या बाहेरच्या जागेचे सहा भाग पाडले: चौकटीच्या चार बाजू, सेटच्या पाठीमागे आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागे. शॉट मोजायची एक वही आम्हाला ठेवावी लागायची. शॉट क्रमांक, सेकंद, लाँग की क्लोज, कॅमेऱ्याची हालचाल, आवाज असे रकाने. त्यात मी एक माझा घातला: ‘विंगेत कोण?’ दहा मिनिटांच्या प्रसंगाला दोन संध्याकाळी जायच्या. ‘सिटिझन केन’ (1941) मध्ये आई आत टेबलाशी मुलाच्या भवितव्याच्या कागदांवर सही करते, आणि पाठीमागच्या खिडकीतून बर्फात खेळणारं पोर दिसत राहतं. वर्गात सगळे डीप फोकसवर, म्हणजे जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट दिसण्यावर, लिहीत होते. मी पोराचा ओरडण्याचा आवाज कुठे कुठे ऐकू येतो तेवढंच टिपलं. त्या घरात काय ठरतंय हे त्या पोराला माहीत नाही, आणि त्याचा आवाज मात्र खोलीत येतो आहे.

मग कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग. एकाच नटाचा भावहीन चेहरा, त्याला कधी सूपची वाटी जोडायची, कधी शवपेटी, कधी एखादी स्त्री. प्रेक्षक दरवेळी त्या चेहऱ्यात वेगळा भाव वाचतो. असाइनमेंट म्हणून मी तो घरी केला. मोबाइलवर बाबांचा चेहरा दहा सेकंद. मग पेजेची वाटी, आजीचा हार घातलेला फोटो आणि जत्रेतल्या नाटकाचं हँडबिल. जोडून शेजारच्या काकींना दाखवलं. त्यांना भूक दिसली नाही, दुःखही दिसलं नाही. म्हणाल्या, “अगो, बाबा प्रॉम्प्टिंग करतात ना हे?” मी पुन्हा बघितलं. बाबांचे ओठ हलत होते. कॅमेरा समोर आल्यावर गप्प बसायचं म्हणजे काय, हे त्यांना जमलंच नव्हतं. मनात कुठल्यातरी अंकाचं पान उघडलं होतं. प्रयोग सपशेल फसला आणि मी तसंच लिहून दिलं: गावातल्या प्रेक्षकाला चेहरा आधीपासून माहीत असेल तर जोडणी हरते. माझे सगळ्यात जास्त गुण त्यालाच.

कुरबुर एकच. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन माँटाज, म्हणजे शॉटला शॉट जोडणं, हा संघर्ष आहे म्हणतो, तो भाग मला मर्ढेकरांमुळे लवकर कळला. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांतलं विरोधलय म्हणजे नेमकं काय, हे बी.ए.ला घोकलेलं होतं. प्रबंधिकेत अर्धं पान त्यावर लिहिलं. मार्गदर्शकांनी पेन्सिलने रेघ मारली, “इंग्रजी संदर्भ द्या.” मर्ढेकर तळटीपेत गेले. आठ ओळींचे. मी भांडले नाही, भांडायला हवं होतं.

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून गोव्यात आहे, त्यामुळे नोव्हेंबरात पणजीत अभ्यास आपणहून चालत येतो. पण दिवसाला चार सिनेमे बघू नका. मी बघितले. रात्री वहीत इराणी बाई, पोलिश पाऊस आणि कोरियन रेल्वे स्टेशन एकाच सिनेमात शिरले होते.

प्रबंधिकेचा विषय शेवटी चौकटीबाहेरचा आवाज हाच ठरला. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चाळता चाळता विचारलं, “बाझाँच्या म्हणण्याप्रमाणे विंगेत नाटकाचं जग संपतं. मग प्रॉम्प्टरचा आवाज कुठल्या जगातला?” मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. माझ्या स्वतःच्या बापाचा प्रश्न! बाईंनी थोडं थांबून पुढचं पान उलटलं. पास झाले, बऱ्यापैकी गुणांनी.

यंदाच्या जत्रेला मी पहिल्यांदा समोर, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. दुसऱ्या अंकात नायक अडला. दोन सेकंद, तीन सेकंद. डाव्या विंगेतून बाबांचं कुजबुजणं आलं, पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल एवढं स्पष्ट. नायकाने ते उचलायच्या आतच माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजींनी सबंध वाक्य ठसक्यात म्हणून टाकलं, आणि मग त्यांच्याकडे बघत नायकानेही म्हटलं.