न्यू जर्सीतला अ‍ॅपलेशियन ट्रेल: मैलांआधी पाणी मोजा

जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणाऱ्या अ‍ॅपलेशियन ट्रेलचा न्यू जर्सीतला टप्पा ७२ मैलांचा, म्हणजे साधारण ११६ किलोमीटर. एडिसनहून या टप्प्याच्या सुरुवातीचा डेलावेअर वॉटर गॅप गाडीने सव्वा-दीड तासावर. राज्यातला सर्वांत उंच माथा, हाय पॉइंट, तोही १८०३ फुटांचाच, त्यामुळे सह्याद्रीत गडकिल्ले पालथे घातलेली मंडळी याला हलक्यात घेतात. चढ खरंच फारसे नाहीत. जीव काढतात ते दगड आणि कोरडी डोंगरधार.

सुरुवात डनफिल्ड क्रीकच्या पार्किंगपासून. ओढ्याच्या काठाने वर निघालं की पावणेचार मैलांत सुमारे हजार फूट चढून सनफिश पाँड येतो. हिमनदीने कोरलेलं हे तळं देखणं आहे, पण त्यात पोहायला बंदी आहे. काठाने जाताना मोठमोठ्या धोंड्यांवरून पाय टाकत जावं लागतं. किटाटिनीची ही रांग गारगोटीच्या कठीण खडकाची. माती वाहून गेलेली, धारदार दगड उभे. मऊ तळव्याचे रनिंग शूज घातले तर दुसऱ्या दिवशी तळपाय ठणकतात. जाड तळव्याचे, बोटांपुढे टणक टोपी असलेले बूट घ्या. वेगही ताशी दोन मैलांच्या वर धरू नका.

पहिला मुक्काम साडेदहा मैलांवर मोहिकन आउटडोअर सेंटरला. तिथे पैसे पडतात, जागा आधी राखून ठेवावी लागते; पण नळाचं पाणी मिळतं. निघताना माणशी तीन लिटर भरून घ्या. पुढचा ब्रिंक शेल्टर (मुक्कामाची उघडी झोपडी) साडेचौदा मैलांवर आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबरात धारेवरचे झरे नुसते ओले डाग उरतात. फिल्टर जवळ हवाच, पण फिल्टर पाणी गाळतो, आणून देत नाही.

ब्रिंकनंतर तीनेक मैलांवर कल्व्हर्स गॅपची खिंड, तिथे हायवे २०६ ओलांडायचा. मग ग्रेन अँडरसन शेल्टर, आणि पुढे सनराइज माउंटनवरचा दगडी खांबांचा मंडप. मंडप पाहून तिथेच पथारी पसरायचा मोह होतो, परवानगी नाही. नकाशावर पुढे दिसणाऱ्या मॅशिपॅकाँग शेल्टरला पाणीच नाही. हे माहीत नसलेले लोक संध्याकाळी तिथे पोचून कोरड्या घशाने झोपतात. एक तर ग्रेन अँडरसनहून पाणी वाहून न्या, नाही तर आणखी तीन मैल चालून रदरफर्ड गाठा. रदरफर्डला जायला मुख्य वाट सोडून निळ्या खुणांनी खाली उतरावं लागतं. सकाळी तेवढंच परत चढायचं, हे हिशेबात धरा.

हाय पॉइंट स्टेट पार्कचं ऑफिस वाटेलाच लागून आहे. तिथे बाटल्या भरा. २२० फुटी स्मारकाच्या पायथ्याशी मात्र ट्रेल जात नाही, बाजूचा फाटा घ्यावा लागतो. इथून वाट डोंगर सोडून शेतांत उतरते. युनियनव्हिल गाव (न्यूयॉर्क हद्दीत, पण वाटेपासून मैलभराच्या आत) शिधा भरायला सर्वांत सोयीचं. वॉलकिल अभयारण्याच्या कडेने सावली नाही, डास भरपूर, आणि जोराच्या पावसानंतर वाट पाण्याखाली जाते. पोचक माउंटन शेल्टरलाही पाणी नाही, डोंगर चढण्याआधी भरून घ्या.

उंच गवतात गोचीड असते. तिच्यामुळे लाइम रोग होतो. पँट मोज्यांत खोचा, कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा, आणि रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली बघा. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल लावू नका, पेटती काडी तर मुळीच नको. नंतर लाल वर्तुळ उमटलं किंवा ताप आला तर थेट डॉक्टरकडे.

अस्वलं या राज्यात खूप आहेत. शेल्टरपाशी लोखंडी पेट्या असतात. मेतकूट, चिवडा, थेपले तर त्यात ठेवाच, पण टूथपेस्ट आणि खोबरेल तेलाची बाटलीही. वास येणारं काहीही तंबूत नको. ट्रेलवर न्यू जर्सीभर शेकोटीला बंदी आहे, त्यामुळे भात शिजवायचा तो छोट्या गॅस स्टोव्हवर. तंबू फक्त ठरवून दिलेल्या जागी. शिकारीचा हंगाम असतो तेव्हा सॅकवर भगवी नव्हे, भडक नारिंगी पट्टी दिसली पाहिजे.

पोचकच्या दलदलीवर २००२ साली पूर्ण झालेला लाकडी पदपथ आणि झुलता पूल हा या टप्प्यातला सर्वांत सोपा आणि मला वाटतं सर्वांत सुंदर भाग. नंतर हायवे ९४ ओलांडला की वावायांडा डोंगराची दगडी पायऱ्यांची चढण: सव्वा-दीड मैलात सुमारे नऊशे फूट. सकाळी चढा. वरच्या कड्यावरून मागे वळून पाहिलं तर हाय पॉइंटचं स्मारक दिसतं.

वावायांडा शेल्टरपासून न्यूयॉर्कची सीमा साडेतीन मैल. ती रस्त्यावर नाही, जंगलातल्या कातळावर रंगवलेली आहे. गाडी मागवायची असेल तर सीमेवरून निळ्या खुणांच्या स्टेट लाइन ट्रेलने ग्रीनवुड लेकच्या काठावरच्या रस्त्यापर्यंत उतरा. मैलाहून थोडं जास्त अंतर आहे, पण उतार तीव्र, आणि ओल्या कातळावर पाय सटकतो.