४के डिस्क घ्यावी का? स्वतःचे पैसे घालवून काढलेलं उत्तर

दिवाळीचा बोनस आला आणि वर्षभर डोक्यात वळवळणारा किडा काही गप्प बसेना, घेतला शेवटी ४के ब्लू-रे प्लेयर. बायको म्हणाली, "आता तेच पिक्चर चौथ्यांदा विकत आणणार का?" यावर उत्तर नव्हतं, कारण कपाटात खरंच एका पिक्चरची व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे अशा तीन पिढ्या एकाशेजारी एक नांदतायत.

तर माझं मत, खरी उडी डीव्हीडीवरून ब्लू-रेची. आपल्याकडची डीव्हीडी ७२० बाय ५७६ ठिपक्यांची (पिक्सेल), ब्लू-रे १९२० बाय १०८०, म्हणजे जवळपास पाचपट ठिपके, आणि हा फरक कुणालाही दिसतो. एका जुन्या पिक्चरमधे नायिकेच्या शालूचा काठ डीव्हीडीवर नुसता पिवळा पट्टा होता, ब्लू-रेवर जरीचे मोर दिसले आणि मागे उभ्या असलेल्या सैनिकाच्या मनगटावरचं घड्याळ पण दिसलं (पिक्चर ऐतिहासिक होता, असो).

४के म्हणजे ३८४० बाय २१६०, परत चौपट, पण माझा टीव्ही ४३ इंची आणि सोफा नऊ फुटांवर, बिल्डरने हॉलच तेवढा दिलाय. गणित करून बघितलं तर या साइजला सहा फुटांच्या पलीकडून चांगल्या नजरेलासुद्धा १०८०चे ठिपकेच सुटे दिसत नाहीत, मग त्याचे चार तुकडे केले काय नि न केले काय. पहिल्या रात्री मी टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसलो होतो, नुसता पैसे वसूल करायला.

पण तीच डिस्क भाच्याकडे त्याच्या ६५ इंची ओलेड टीव्हीवर (गडद काळा दाखवणारा महागडा पडदा) लावली आणि गप्प झालो. रात्रीचा सीन, खोलीत एकच कंदील. ब्लू-रेवर ज्योत म्हणजे पांढरा ठिपका आणि बाकी काळोख, इथे ज्योतीची केशरी कड वेगळी, काचेवरची काजळी वेगळी, मागच्या भिंतीचे पोपडे पण दिसतायत. ही करामत ठिपक्यांची नाही, एचडीआरची, म्हणजे उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवण्याच्या तंत्राची. स्वस्त टीव्हीत तेवढा उजेडच नसतो, त्यामुळे खोक्यावर एचडीआर छापलंय म्हणून भुलू नका.

भाचा म्हणाला, "मामा, हे सगळं स्ट्रीमिंगवर असतं की." असतं रे, पण तिथलं ४के साधारण १५ ते २५ एमबीपीएस (सेकंदाला किती डेटा येतो ते माप) आणि डिस्क वेळेला शंभरच्या वर जाते, धुकं किंवा धूर आला की स्ट्रीमिंगवर चौकोन चौकोन होतात ते त्यामुळेच.

अजून एक गोची. डिजिटल जमान्यातले बरेच पिक्चर मुळात २के मधेच (जवळपास ब्लू-रेइतकेच ठिपके) फायनल झालेत, त्यांची ४के डिस्क म्हणजे ताणून मोठं केलेलं चित्र. उलट फिल्मवर शूट झालेला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा पिक्चर निगेटिव्हवरून नीट स्कॅन केला असेल तर तो जास्त वसूल. ४के डिस्कला रीजनची भानगड नाही (म्हणजे एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेयरवर न चालणं), कुठूनही मागवा, साध्या ब्लू-रेला मात्र आपला रीजन सी आणि अमेरिकेचा ए. गेमिंगवाल्यांनो, डिस्कवाला प्लेस्टेशन ५ (पीएस५) घरात असेल तर वेगळा प्लेयर नकोच, पीएस४ प्रोवर मात्र ४के डिस्क चालत नाही.

म्हणून आता नियम केलाय, टीव्ही बदलेपर्यंत ४के फक्त अगदी जीव असलेल्या चार-पाच पिक्चरचं, बाकी ब्लू-रेवर खूश. डीव्हीडी तर नवा प्लेयर पण वाजवतो.

व्हीसीडी नाही वाजवत, हे घरी आणल्यावर कळलं. बाबांनी जमवलेली मराठी नाटकं सगळी व्हीसीडीवर, त्यातली निम्मी ऑनलाइन सापडत नाहीत. मग माळ्यावरचा जुना प्लेयर काढला, नव्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागाच नाही म्हणून कन्व्हर्टरची डबी आणली. ३५२ बाय २८८, नटाचं नाक कुठे संपतं नि मिशी कुठे सुरू होते पत्ता नाही, पण आई पुढे सरकून बसली. पहिला अंक संपला, डिस्क दोन लावायला डबी उघडली तर आत भलत्याच नाटकाची डिस्क एक.