नोंग्रियाटची दरी: पायऱ्या, मुळांचा पूल आणि जादोह

मेघालयात सोहऱ्याजवळच्या, म्हणजे चेरापुंजीजवळच्या, तिर्ना गावातून दरीतल्या नोंग्रियाट गावात उतरायला साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. चढण्यापेक्षा उतरणंच गुडघ्यांची परीक्षा पाहतं, म्हणून तिर्नातच बांबूची काठी घ्या. सकाळी आठच्या आत निघा. हिवाळ्यात इथे पाच वाजता अंधार पडतो आणि परतीचा चढ संपता संपत नाही. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवरून हमखास पाय घसरतो.

खालचा दुमजली पूल म्हणजे रबर-वडाची जिवंत मुळं. इथले खासी आदिवासी लोक सुपारीचं पोखरलेलं खोड ओढ्यावर आडवं टाकतात आणि कोवळी पारंबी त्यातून पलीकडे नेतात. ती तिथल्या मातीत रुजली की जाड होत जाते, मग दुसरी तिच्यात गुंफतात. माणसाचं वजन पेलायला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात. लाकडी साकव या दमट हवेत कुजतो, हा मात्र वर्षागणिक मजबूत होतो. म्हणूनच मुळांवर उड्या मारू नका, कोवळे फाटे ओढू नका.

मुक्काम करायचा तर नोंग्रियाटमध्येच करा. जेवायला जादोह, म्हणजे डुकराच्या मांसासोबत शिजवलेला भात. सोबत तुंग्रिंबाई, आंबवलेल्या सोयाबीनची उग्र वासाची चटणी. ती आधी थोडीशीच घ्या. पाहुण्याला क्वाय देतात: ओली सुपारी, पान, चुना. सवय नसेल तर अंग तापतं, घाम फुटतो, गरगरतं. चढणीआधी तर नकोच.