आईसाठी घेतलेला वापरलेला ई-रीडर

आमच्या घरात बोलायचं कोंकणीतून आणि वाचायचं मराठीतून. डिचोलीत अशी घरं पुष्कळ. आईला सत्तरी लागली तेव्हा डोळ्यांच्या मागच्या पडद्याचं दुखणं सुरू झालं आणि तिचं वाचन बंद पडलं. पणजीहून येताना मी पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकं आणायचो. ती पहिलं पान उघडायची, त्यावर भिंग फिरवायची आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवायची. कपाटातल्या स्वतःच्या पुस्तकांना पावसाळ्यात धरलेली बुरशी मात्र न चुकता पुसायची. ते बघवत नसे.

जूनमध्ये ओळखीतल्या एकाकडून साडेतीन हजारांना वापरलेला ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतला. सहा इंची, आत दिवा नसलेला. त्याआधी घरातला टॅबलेट तिला देऊन पाहिला होता. त्यावर अक्षर मोठं व्हायचं, पण मागून येणाऱ्या उजेडाने अर्ध्या तासात तिच्या डोळ्यांना पाणी लागायचं. ई-रीडरच्या ई-शाईच्या पडद्यात काळे-पांढरे कण खालीवर होऊन अक्षर उमटतं, आणि वाचायला उजेड लागतो तो आपल्या खिडकीतला. वीज मुख्यतः पान उलटताना खर्च होते, त्यामुळे वायफाय बंद ठेवलं की आमच्याकडे एक चार्ज तीन आठवडे पुरतो. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तिथे हे फार मोलाचं.

पहिल्या दिवशी मी त्यात पीडीएफ टाकल्या आणि घोटाळा झाला. पीडीएफचं पान ठरलेल्या मापाचं असतं. सहा इंचांत ते मावतं, पण अक्षर मुंगीएवढं होतं. मोठं करावं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसायचं. आईने दोन ओळी वाचून यंत्र मला परत दिलं. अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने जुळायला हव्यात, आणि त्यासाठी ईपब या प्रकारची फाइल लागते. मराठी विकिस्रोत या जुन्या पुस्तकांच्या खुल्या संकेतस्थळावरून पुस्तक ईपब म्हणून उतरवता येतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांना खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून ते सगळं आपलं. आईची सुरुवात तिथूनच केली.

मग अक्षरांचं पाहिलं. यंत्रातल्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे होते. वाचता येतात, पण मराठी शाळेत शिकलेल्या डोळ्याला ते खटकतात. आई म्हणाली, "हें आमचें अक्षर न्हय." ती किरकोळ तक्रार नव्हती. तिचं सगळं वाचन त्या वळणावर झालेलं. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फुकट मिळणारा फॉन्ट यंत्राच्या फॉन्टच्या फोल्डरात टाकला, तेव्हा पान ओळखीचं दिसू लागलं.

दुसऱ्या एका फुकट मिळालेल्या पुस्तकात वेगळीच अडचण निघाली. स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "दोंगरांत दर्या खंयसून आयलो?" जाऊन पाहिलं तर ‘डोंगरदऱ्यांतून’ या शब्दाचं ‘डोंगरदर्यांतून’ झालेलं. दरीचा समुद्र! जुन्या पद्धतीत हा अर्धा र टंकताना र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात जाताना ते चिन्ह गळून पडलं होतं आणि र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला होता. कॅलिबर नावाचा फुकट प्रोग्राम आहे, मूळ कोविद गोयल यांनी लिहिलेला. त्यात पुस्तक उघडून एकेक शब्द शोधला आणि नुक्त्याचा ऱ घालून दुरुस्त केला. वाऱ्यावर, साऱ्या, तऱ्हा, कोऱ्या. सरसकट बदल करता येत नाही, कारण सूर्य आणि कार्य यांचा र डोक्यावरच बरा. दोन रात्री त्यात गेल्या.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो आमच्या देवळाच्या जुन्या स्मरणिकेने. तिच्यात आईच्या शाळेतल्या बाईंचा लेख आहे आणि तो तिला पुन्हा वाचायचा होता. छापखान्यातून पीडीएफ मिळाली, पण ती युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधली. पडद्यावर शुद्ध मराठी दिसते, ईपब केलं की इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि कंस यांची भेळ. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, आत मराठी नसतेच. शेवटी पानांची चित्रं काढून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून मराठी मजकूर करून घेतला. बराचसा बरोबर आला. घ आणि ध, भ आणि म यांत मात्र तो सारखा चुकतो. ‘घरात’चं ‘धरात’, ‘भाऊ’चं ‘माऊ’. मी ताळा करायला बसलो, पण कामावरून आल्यावर डोळे मिटायचे.

ते काम आईने घेतलं. अक्षर तिच्या मापाचं केलं की पडद्यावर जेमतेम आठ-नऊ ओळी राहतात. सकाळी दहाच्या सुमाराला ती पुढच्या सोप्यावर बसते, कारण तिथे उजेड चांगला असतो. पावसाची हवा ओली, म्हणून वाचून झालं की यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. अक्षराचं माप बदललं की पानाचा ठिकाणा बदलतो हे तिने आपणच हेरलं. त्यामुळे भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने, ठसठशीत अक्षरांत, ती लेखाचं नाव आणि चुकलेलं वाक्य लिहून ठेवते. काल संध्याकाळी त्यावर एकोणीस वाक्यं होती. बाईंच्या लेखातली सात, आणि त्या सातांखाली दोन रेघा मारलेल्या.