खलिया टॉप : सहा किलोमीटर आणि एप्रिलमधला बर्फ

मुनस्यारीच्या बाजारात आम्हांला खलिया टॉप या डोंगरमाथ्याविषयी तीन वेगवेगळ्या माणसांनी जवळजवळ एकच वाक्य सांगितले : ‘छह किलोमीटर है, आराम से हो जाएगा.’ अंतर त्यांनी खरे सांगितले होते. मात्र त्या सहांपैकी सुमारे दोन किलोमीटर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातही गुडघ्याएवढ्या आणि काही ठिकाणी मांडीएवढ्या बर्फातून जातात, हे एकानेही सांगितले नाही. सह्याद्रीत एका दिवसात दोन किल्ले करणाऱ्या आमच्यासारख्या अनेक मंडळींना सहा किलोमीटरचा आकडा ऐकून निर्धास्त वाटते, म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्या दोन किलोमीटरांसाठी लिहीत आहे.

मुनस्यारी हे उत्तराखंडच्या कुमाऊँ भागातील पिथोरागड जिल्ह्यातले गाव सुमारे २२०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे मुक्कामाची खोलीच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेपाचशे मीटर वर असते. खलिया टॉपची उंची ३५०० मीटरच्या आसपास आहे. पहिल्या दिवशी चढायला निघू नये, एक दिवस गावातच काढावा. शेवटचे रेल्वे स्थानक काठगोदाम. तिथून किंवा हल्द्वानीहून पहाटे सुटणाऱ्या सामायिक जीपने अल्मोडा, सेराघाट, थल, नाचनी, बिर्थी या मार्गाने यायला पूर्ण दिवस लागतो. जीपवाल्याने आमच्याकडून मुनस्यारीपर्यंतचे भाडे घेतले, थलला उतरवून दुसऱ्या जीपमध्ये बसवले आणि त्या दुसऱ्या चालकाने पुन्हा भाडे मागितले. सामान टपावर बांधून झालेले, पुढची गाडी केव्हा मिळेल याची शाश्वती नाही, अशा स्थितीत आम्ही ते दिले. तुम्ही देऊ नका. निघतानाच गाडी थेट जाणार आहे का ते विचारा, आणि जाणार नसेल तर केवळ थलपर्यंतचेच पैसे द्या.

विश्रांतीच्या दिवशी आम्ही डॉ. शेरसिंह पांगती यांनी उभारलेले जनजातीय वारसा संग्रहालय पाहिले. चढाईआधी ते पाहावे, नंतर नव्हे, असे माझे ठाम मत आहे, कारण हा डोंगर इथल्या माणसांनी कसा वापरला ते तिथे कळते. जोहार खोऱ्यातले शौका लोक धान्य, गूळ आणि कापड घेऊन तिबेटात जात आणि मीठ, टाकणखार व लोकर घेऊन परतत. मिलमच्या पुढे उंटाधुरा, जयंती आणि किंगरी-बिंगरी या तीन खिंडी ओलांडून ग्यानिमाच्या बाजारात पोहोचायचे, आणि ओझी वाहायची ती शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवरून, हा क्रम १९६२ मध्ये सीमा बंद होईपर्यंत चालू होता. मीठ वाहण्याची लोकरीची दुहेरी पिशवी मी जवळून पाहिली. तिला खाली चामड्याचे अस्तर होते, आणि दोन कप्पे जिथे जोडले होते तिथली वीण जनावराच्या पाठीवर घासून गुळगुळीत झाली होती.

याच खोऱ्यातल्या मिलम गावी १८३० मध्ये जन्मलेले पंडित नैनसिंह रावत ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यासाठी १८६५-६६ मध्ये वेश पालटून ल्हासापर्यंत चालत गेले आणि त्यांनी सगळी वाट पावलांनी मोजली. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा, आणि नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात लपवायचे. दोन हजार पावलांचा एक मैल. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. हे डोक्यात ताजे असल्यामुळेच दुसऱ्या दिवशी बर्फात अडकल्यावर मी पावले मोजू लागलो.

खलियाची वाट मुनस्यारी-थल रस्त्यावरील बलाती वळणापासून सुरू होते. गावातून तिथपर्यंत गाडी करावी लागते. आम्ही साडेसातला चालायला लागलो आणि हाच आमचा पहिला दोष. भुजानीला कुमाऊँ मंडल विकास निगमचे विश्रामगृह आहे. तिथपर्यंतची वाट फरसबंद, रुंद, फुललेल्या बुरांशाखालून (ऱ्होडोडेंड्रॉनखालून) जाणारी आहे आणि तिच्याविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही. विश्रामगृहाच्या पुढे मात्र खरसूचे, म्हणजे ओकच्या एका जातीचे, दाट जंगल लागते, तिथे ऊन पोहोचत नाही, आणि हिवाळ्यातला बर्फ दिवसा थोडा विरघळून रात्री पुन्हा गोठत असल्यामुळे वरचा थर काचेसारखा टणक आणि आतला भाग भुसभुशीत अशी त्याची अवस्था असते. सकाळी त्यावरून घसरायला होते आणि दुपारी त्यात रुतायला होते. विश्रामगृहापासून झाडी संपेपर्यंत मी ४१०० पावले मोजली आणि त्यांना आम्हांला दोन तास पन्नास मिनिटे लागली.

झाडीबाहेर पडल्यावरचे बुग्याल, म्हणजे उघडे गवताळ पठार, आणि समोर उभी पंचचूलीची पाच शिखरे (त्यांतले सर्वांत उंच ६९०४ मीटर), हे दृश्य मी आयुष्यभर विसरणार नाही. स्वर्गारोहणाआधी द्रौपदीने जिथे शेवटचा स्वयंपाक रांधला त्या या पाच चुली, असे इथे सांगतात, आणि मराठी माणसाला ते नाव समजावून द्यावे लागत नाही. तिथे बसून आम्ही भान विसरलो आणि एक वाजेपर्यंत उतरायला निघालो नाही. हा दुसरा दोष, पहिल्यापेक्षा मोठा.

उतरताना सकाळचा टणक थर उरलाच नव्हता. दर चौथ्या-पाचव्या पावलाला पाय मांडीपर्यंत आत जात होता, तो दोन्ही हातांनी ओढून काढावा लागत होता, आणि एके ठिकाणी माझ्या मित्राचा पाय बर्फाखालच्या दोन दगडांच्या मधल्या पोकळीत अडकून गुडघा मुरगळला. पाऊल सोडवण्यासाठी आम्ही काठीने आणि हातांनी सुमारे वीस मिनिटे बर्फ उकरत होतो. त्याच्या बुटाच्या नाडीवर गोठलेला बर्फ तोंडाच्या वाफेने सैल करावा लागला. त्या दोन किलोमीटरांना उतरताना चार तास लागले, आणि भुजानीच्या खालची वाट अंधारात, तिघांत एका विजेरीवर आम्ही पार केली.

म्हणून माझा सल्ला असा : एप्रिलच्या मध्यापर्यंत खलिया एका दिवसात करू नये. भुजानीच्या विश्रामगृहात आधी आरक्षण करून मुक्काम करावा, पहाटे चारला बर्फ पूर्ण टणक असताना क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) लावून निघावे आणि सकाळी दहाच्या आत झाडीतून परत खाली यावे. मुक्काम शक्य नसेल तर पठाराचा मोह सोडून भुजानीहूनच परतावे. प्रत्येकाकडे स्वतंत्र विजेरी असावी. बाजारात अंतर विचारूच नये, ‘कल ऊपर कौन गया था, बर्फ कहाँ तक है?’ एवढेच विचारावे, आणि काल वर गेलेला माणूस प्रत्यक्ष भेटेपर्यंत ठरवू नये.

क्रॅम्पॉन आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायचे आवरण) पुण्याहूनच न्यावेत. आम्ही ते बाजारातून भाड्याने घेतले तेव्हा दर ‘तीनशे रुपये’ असा सांगितला गेला. संध्याकाळी परत करताना बूट, क्रॅम्पॉन आणि गेटर अशा प्रत्येक वस्तूचे माणशी तीनशे, आणि सहा वाजून गेले म्हणून दोन दिवसांचे, असा हिशेब मांडण्यात आला. दिवसभर थकून आलेल्या तिघांकडून चोपन्नशे रुपये घेतले गेले, त्यातल्या एका बुटाचा तळ तर चालतानाच सुटला होता. भाड्याने घ्यावेच लागले तर एकूण रक्कम कागदावर लिहून, त्या कागदाचा फोटो काढून मगच वस्तू उचलाव्यात.

याउलट दरकोट गावात, जिथे घरोघरी माग आहेत, घासाघीस अजिबात करू नये. तिथल्या एका घरात आजी दन विणत होत्या. दन म्हणजे गाठी मारून केलेला लोकरीचा गालिचा, आणि भोटिया (शौका लोक ज्यांत मोडतात तो समाज) दनला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. गाठींची एक ओळ पूर्ण झाली की त्या लोखंडी पंज्याने ती ठोकून बसवत, मग कात्रीने लोकरीची टोके एकसारखी कापत, आणि एका बोटाच्या रुंदीचे काम होईपर्यंत आमचा चहा संपून गेला होता. मित्राचा सुजलेला गुडघा पाहून त्यांनी विचारपूस केली आणि म्हणाल्या, ‘चैत में तो जंगल के अंदर बर्फ रहता ही है, बेटा.’ हे वाक्य आम्ही दोन दिवस आधी ऐकायला हवे होते. दन परवडत नसेल तर लोकरीची पंखी, म्हणजे अंगावर घ्यायची शाल, घ्यावी. बाजारात ‘पश्मिना’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या शाली घेऊ नयेत.

महेश्वरी कुंड आणि थामरी कुंड ही सोपी चाल आहे, ती कोणालाही जमेल. मुनस्यारीचा पांढरा राजमा मात्र दोन किलो तरी आणावा, कारण तो शिजल्यावर लोण्यासारखा होतो.

परतीची जीप पहाटे निघते आणि जागा आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावी लागते. गुडघा दुखावलेला माणूस बरोबर असेल तर पुढची जागा मागून घ्यावी, कारण मागच्या बाकावर पाय लांब करता येत नाही आणि कालामुनी खिंडीच्या खाली बिर्थीपर्यंत एकामागून एक वळणे आहेत.